एम७४चे दोन उजेड: हबल आणि वेबची चित्रं एकावर एक बसवण्याची माझी रीत

हबल दुर्बिणीने टिपलेली एम७४ ही सर्पिल दीर्घिका आणि जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली तीच दीर्घिका शेजारीशेजारी ठेवून बघा. हबलच्या चित्रात निळसर बाहूंच्या आतल्या कडेने काळपट रेघा वळत गेलेल्या दिसतात. वेबच्या मध्य-अवरक्त चित्रात नेमक्या त्याच रेघा पेटलेल्या असतात, आणि हबलमधले बहुतेक तारे तिथे सापडतच नाहीत. दोन्हीकडे धूळ एकच आहे. ती ताऱ्यांचा निळा आणि अतिनील प्रकाश अडवते, म्हणून दृश्य प्रकाशात काळी दिसते. अडवलेली ऊर्जा ती अवरक्तात परत टाकते, म्हणून तिथे उजळ दिसते. ही दोन चित्रं जोडायची तर हे काळं आणि हे उजळ एकमेकांत बसलं पाहिजे. ते बसलं तरच जोडचित्राला अर्थ आहे, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्यासाठीच आहे.

मी नागपुरात, महालातल्या एका छापखान्यात प्री-प्रेस बघते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, औषधांची खोकी, शाळांची माहितीपत्रकं, येईल ते. चार रंगांच्या चार प्लेटा निघतात. चारही तंतोतंत एकावर एक पडल्या तरच फोटो फोटोसारखा दिसतो. एक हलली की मशीनवरून हाक येते, "ताई, लाल सरकून राहिला ना जी!" दुर्बिणीच्या चित्रांचं काम मला ओळखीचं वाटलं ते यामुळेच. प्रत्येक फिल्टरचं चित्र मुळात काळंपांढरं असतं, रंग आपण द्यायचा असतो, आणि रंगाच्या आधी रजिस्टर जुळवायचं असतं. प्लेटेच्या कोपऱ्यात त्यासाठी अधिकचिन्हं असतात. आकाशात ते काम तारे करतात.

पहिल्यांदा करत असाल तर एम७४च घ्या. एनजीसी ६२८ हे तिचं दुसरं नाव. मीन राशीत, सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षं दूर. पिअर मेशँ या फ्रेंच निरीक्षकाने १७८० मध्ये ती शोधली. तिची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून दिसते, त्यामुळे बाहू, धुळीच्या रेघा आणि मधली पोकळ जागा एकमेकांवर न चढता मोकळ्या दिसतात. नागपूरच्या अक्षांशावर ती आकाशाच्या माथ्यापासून जेमतेम पाच-साडेपाच अंशांवरून जाते, नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री जवळजवळ डोक्यावरूनच. पण तिचा उजेड इतका पसरट आहे की शहराच्या दिव्यांतून छोट्या दुर्बिणीला ती दाद देत नाही. ज्या दीर्घिकेचं चित्र तुम्ही घरात बसून बनवणार आहात ती त्याच वेळी छतावरून जात असते, हे मला फार आवडतं.

एम७४ घेण्याचं आणखी एक कारण आहे. फँग्स नावाच्या मोठ्या प्रकल्पात जवळच्या सर्पिल दीर्घिकांची हबल, वेब आणि चिलीतल्या आल्मा, व्हीएलटी या दुर्बिणींनी पद्धतशीर पाहणी झाली आहे. त्यातल्या १९ दीर्घिकांची वेबची चित्रं २९ जानेवारी २०२४ला एकत्र प्रसिद्ध झाली, त्यात एम७४ आहे. सगळ्यांना तेच फिल्टर वापरलेले. एका दीर्घिकेवर हात बसला की बाकीच्या अठरा तुमच्यासमोर मांडून ठेवल्यासारख्या आहेत.

फाइली कुठून आणि कोणत्या

बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचं मास्ट नावाचं संग्रहालय आहे. हबल आणि वेब दोघांचाही खुला डेटा तिथे फुकट मिळतो, आणि खुल्या फाइली उतरवायला खातंही लागत नाही. शोधखिडकीत दीर्घिकेचं नाव टाका, दुर्बीण निवडा, आणि कॅलिब्रेशनची पातळी ३ निवडा. म्हणजे अनेक फोटो जोडून, साफ करून झालेली चित्रं मिळतात. वेबच्या अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी आय२डी असतं, हबलच्या नावाच्या शेवटी डीआरसी किंवा डीआरझी. याच मास्टवर फँग्सच्या चमूने स्वतः जुळवून, पार्श्वभूमी सरळ करून ठेवलेली चित्रंही वेगळ्या विभागात आहेत. नवशिक्याने तीच घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. कच्च्या आय२डी फाइलींशी झुंजणं दुसऱ्या वेळी करा.

फिल्टर निवडताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: अवरक्त म्हणजे एकच एक काही नाही. २ मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वेबच्या एफ२००डब्ल्यू फिल्टरमध्ये, धूळ जवळजवळ पारदर्शक होते आणि तिच्यामागचे म्हातारे, लालसर तारे दिसतात. ७.७ मायक्रॉनला, एफ७७०डब्ल्यूमध्ये, धूळ स्वतः चमकते. चमकणारे कण बहुतांशी पीएएच या जातीचे, कार्बनची कडी जोडून झालेले मोठे रेणू असतात. अतिनील प्रकाश शोषून ते थरथरतात आणि ठराविक तरंगलांब्यांवर प्रकाश टाकतात: ३.३, ७.७, ११.३ मायक्रॉन ही त्यांची मुख्य ठिकाणं. वेबचे एफ३३५एम, एफ७७०डब्ल्यू आणि एफ११३०डब्ल्यू हे फिल्टर बरोबर त्यांवर बसतात. २१ मायक्रॉनचा एफ२१००डब्ल्यू नव्या ताऱ्यांशेजारी तापलेली धूळ दाखवतो. "इन्फ्रारेड" असं मोघम लिहून यातलं काहीही लाल रंगात टाकलं, तर बघणाऱ्याला तो तारे बघतोय की धूळ, हे कळायला मार्ग राहत नाही.

माझी पहिली शिफारस फक्त चार चित्रांची आहे. हबलची एफ४३५डब्ल्यू, एफ८१४डब्ल्यू आणि एफ६५८एन, वेबचं एफ७७०डब्ल्यू. एफ४३५डब्ल्यू निळा, तिथे तरुण तारे. एफ८१४डब्ल्यू लाल टोकाचा, तिथे जुने तारे. एफ६५८एन हा अरुंद फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश पकडतो, म्हणजे जिथे तारे नुकतेच जन्मले तिथला तापलेला वायू. पुढे हात बसला की एफ५५५डब्ल्यू, एफ२००डब्ल्यू आणि एफ२१००डब्ल्यू वाढवा. जुळवणीसाठी एफ२००डब्ल्यू आणि एफ३३५एम मात्र आत्ताच उतरवून ठेवा, कारण ती लागणार आहेत.

संगणक फार भारी नको, पण हिशोब करून घ्या. १०,००० गुणिले १०,००० पिक्सेलचं एक चित्र या कामाच्या प्रकारात ४० कोटी बाइट खातं, सुमारे ४०० एमबी. सहा फिल्टर उघडले की अडीच जीबी तिथेच गेले. म्हणून दोन्ही दुर्बिणींनी पाहिलेला सामाईक भाग आधी कापून घ्या. चार कलांचा चौकोन (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा) दर पिक्सेल ०.०५ विकला या मापाने ४,८०० पिक्सेलचा होतो, तो ८ जीबीच्या लॅपटॉपवरही चालतो. लॅपटॉप त्याहून कमकुवत असेल तर जुळवणीचं काम गुगल कोलॅबवर करा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या वर गेला की दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो. असली जड कामं मी पहाटे लावते.

प्रणाली सगळ्या फुकट मिळतात. फाइल उघडून बघायला डीएस९, जुळवायला पायथनमधली अ‍ॅस्ट्रोपाय आणि रिप्रोजेक्ट ही पॅकेजं, उजेड ताणायला फिट्स लिबरेटर, रंगाला जिंप. फोटोशॉप असेल तर जिंपच्या जागी तेही चालेल, मी सवयीने तेच वापरते. सिरिल नावाची प्रणालीही चांगली आहे, आकाशाचे फोटो काढणारी पुष्कळ मंडळी तीच वापरतात.

आधी बघा, मग हात लावा

डीएस९मध्ये प्रत्येक फाइल उघडा. त्यात बरेच थर असतात. चित्राचा थर एससीआय नावाचा, बाकीचे त्रुटी आणि वजनांचे. मापाची पट्टी लॉगवर ठेवा, नाहीतर मधला ठिपका सोडून सगळं काळं दिसेल. मग मोठं करून कडा बघा. वेबच्या मिरी कॅमेऱ्याच्या (एफ७७०डब्ल्यूपासून पुढचे फिल्टर याचेच) कच्च्या चित्राला कधी कडेला वेगळाच चौकोन चिकटलेला दिसतो. तो कोरोनाग्राफचा, म्हणजे झगझगीत तारा झाकून बघायच्या साधनाचा, भाग आहे, कापून टाका. रिकामे पिक्सेल, म्हणजे ज्यांत आकडाच नाही ते, कुठे आहेत याची खूण करून ठेवा.

हेडरमधलं, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेल्या माहितीतलं, एकक वाचा. वेबची चित्रं दर स्टेरेडियनमागच्या (घनकोनाचं एकक) मेगाजान्स्कीत असतात, हबलची बहुतेक दर सेकंदाच्या इलेक्ट्रॉनांत. या आकड्यांची आपसात तुलना करायची नाही. प्रत्येक चित्राचा उजेड वेगळा ताणायचा असल्याने अडचण येत नाही, पण हबलमधून वेब वजा करण्याचा मोह कुणाला झालाच तर तो इथेच सोडून द्यावा.

रजिस्टर

इथे वेळ द्या. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, हे होत नाही.

प्रत्येक फाइलीच्या हेडरमध्ये आकाशातला पत्ता लिहिलेला असतो: कोणता पिक्सेल कोणत्या विषुवांशावर आणि कोणत्या क्रांतीवर आहे, एक पिक्सेल किती विकलांचा, चित्र कोणत्या बाजूला फिरलेलं. रिप्रोजेक्ट पॅकेज हा पत्ता वाचून एक चित्र दुसऱ्याच्या जाळीवर उतरवून देतं. प्रश्न असा, की जाळी कुणाची घ्यायची?

मापं बघा. हबलच्या एसीएस कॅमेऱ्याचा पिक्सेल ०.०५ विकला, डब्ल्यूएफसी३चा ०.०४. वेबच्या निरकॅम या दुसऱ्या कॅमेऱ्याचा लहान तरंगलांब्यांना ०.०३१, लांब तरंगलांब्यांना ०.०६३. मिरीचा ०.११. एम७४च्या अंतरावर एक विकला सुमारे १५५ प्रकाशवर्षांची होते, म्हणजे मिरीचा एक पिक्सेल सतराएक प्रकाशवर्षं झाकतो आणि एसीएसचा आठेक. जाळी हबलची घ्या आणि मिरीला तिच्यावर मोठं करून बसवा. उलट केलंत तर हबलचे वेगवेगळे दिसणारे ताऱ्यांचे गुच्छ एकत्र मिसळून जातील आणि पुन्हा वेगळे होणार नाहीत. मिरी मोठं केल्याने त्यात नवा तपशील येणार नाही, पण असलेला जाणार नाही. रिप्रोजेक्टमध्ये साधं इंटरपोलेशन (शेजारच्या पिक्सेलांवरून मधला आकडा काढणं) आणि क्षेत्रफळाचा नेमका हिशोब ठेवणारी पद्धत, असे दोन मार्ग आहेत. चित्रासाठी पहिला पुरतो आणि खूप लवकर होतो.

पण पत्ता नेहमी तंतोतंत असतोच असं नाही. हबलच्या जुन्या फाइली आणि वेबच्या कच्च्या फाइली यांच्यात काही पिक्सेलांचा फरक सहज निघतो. म्हणून उतरवून झाल्यावर तपासा. मी दोन चित्रं डीएस९मध्ये एकाच जागेवर कुलूपबंद करून आळीपाळीने चमकवते. तारा जागेवर उडी मारत असेल तर फरक आहे. चारही कोपरे आणि मध्य, पाचही ठिकाणी बघा. सगळीकडे उडी एकाच दिशेला असेल तर नुसतं सरकवणं पुरे. कोपऱ्यांत दिशा बदलत असेल तर चित्र फिरलेलं आहे.

अडचण अशी की एफ७७०डब्ल्यूमध्ये तारे फार कमी आणि २१ मायक्रॉनला जवळजवळ नाहीतच. निळ्या चित्राशी मिरीचं चित्र थेट कसं जुळवणार? नवीन माणूस इथे उजळ गाठींना उजळ गाठी भिडवतो. ते करू नका. नुकत्याच जन्मलेल्या गुच्छाची धुळीची गाठ आणि दिसायला लागलेल्या गुच्छाचा निळा ठिपका हे आकाशातच वेगवेगळ्या जागी असतात. त्यांना ओढून एकत्र आणलंत तर दीर्घिकेने सांगितलेली खरी गोष्ट पुसली जाते.

त्याऐवजी साखळीने जा. हबलचं एफ८१४डब्ल्यू आणि वेबचं एफ२००डब्ल्यू दोन्हीकडे तेच जुने लाल तारे दिसतात, ती जोडी आधी पक्की करा. मग एफ२००डब्ल्यूशी एफ३३५एम, कारण त्यात तारेही आहेत आणि ३.३ मायक्रॉनची धूळही. मग एफ३३५एममधल्या धुळीशी एफ७७०डब्ल्यूमधली धूळ. एफ७७०डब्ल्यूशी एफ११३०डब्ल्यू आणि शेवटी एफ२१००डब्ल्यू. शेजारच्या शेजारच्या तरंगलांब्या एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे प्रत्येक पायरीवर जुळवायला खरी समान खूण मिळते. फँग्सची जुळवून ठेवलेली चित्रं घेतली असतील तर ही साखळी नुसती तपासायला वापरा.

शेवटची परीक्षा बुडबुड्यांची. एम७४च्या बाहूंवर धुळीत गोल भोकं दिसतात. मोठ्या ताऱ्यांचा प्रकाश, वारे आणि स्फोट यांनी ती पोखरलेली असतात. एका मोठ्या भोकाला खगोलशास्त्रज्ञांनी फँटम व्हॉइड असं नावही दिलं आहे. ते काही हजार प्रकाशवर्षं रुंद आहे. असल्या ताऱ्यांच्या तीव्र प्रकाशात पीएएच टिकत नाहीत, म्हणून आयनित वायूच्या जागी एफ७७०डब्ल्यूमध्ये खळगा पडतो. एफ६५८एन वर ठेवून बघा: छोट्या, तरुण बुडबुड्यांत हायड्रोजनचा उजेड धुळीच्या कड्याच्या आत बसलेला दिसला पाहिजे. तो कड्यावर किंवा कड्याबाहेर एकाच दिशेला सांडलेला दिसत असेल, आणि हे प्रत्येक बुडबुड्यात होत असेल, तर जुळवणी हुकली आहे. मागे जा.

उजेड ताणणं

दीर्घिकेचा गाभा आणि बाहूंची टोकं यांच्या उजेडात प्रचंड अंतर असतं. सरळ मापाने एकतर गाभा दिसेल, नाहीतर टोकं. म्हणून अ‍ॅसिन्ह नावाचं गणिती माप वापरतात. ते मंद भागाला जवळजवळ सरळ ठेवतं आणि उजळ भागाला दाबत नेतं. फिट्स लिबरेटरमध्ये ते यादीतच आहे. पायथनमध्ये करायचं तर प्रत्येक पिक्सेलमधून पार्श्वभूमी वजा करा, तुम्ही ठरवलेल्या सर्वांत उजळ पातळीने भागा, ३० किंवा ५० अशा आकड्याने गुणा, त्याचा अ‍ॅसिन्ह घ्या आणि त्याच आकड्याच्या अ‍ॅसिन्हने भागा. आकडा वाढवला की मंद भाग वर येतो. उजळ पातळी चित्रातला कमाल आकडा ठेवू नका, एखादा बिघडलेला पिक्सेल सगळं काळं करून टाकेल. ९९.९ टक्के पिक्सेल ज्याच्या खाली येतात तो आकडा धरा.

काळ्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. पार्श्वभूमी पूर्ण शून्यावर नेऊ नका. २५५ पैकी १२ ते २० एवढी राहू द्या. बाहूंच्या टोकांना लागून असलेली मंद धूळ त्याच पट्ट्यात असते, आणि शून्यावर नेलं की ती कापली जाते. मिरीची पार्श्वभूमी मुळातच मोठी असते, कारण त्या तरंगलांब्यांवर आपल्या सूर्यमालेतली धूळ आणि स्वतः दुर्बीणही चमकते. वजा करताना चित्राचा सर्वांत रिकामा कोपरा शोधून तिथला मध्यांक वजा करा. आपोआप पार्श्वभूमी काढणारी हत्यारं इथे टाळा. दीर्घिकेने चित्र भरून गेलेलं असतं आणि ती हत्यारं दीर्घिकेलाच पार्श्वभूमी समजतात.

शेवटी १६ बिटची टिफ फाइल काढा. ८ बिटवर पुढचं काम केलं तर मंद भागात पायऱ्या पडतात.

रंग

नियम एवढाच: लहान तरंगलांबी निळ्याकडे, लांब तरंगलांबी लालकडे. डोळ्याला न दिसणारा प्रकाशही त्याच क्रमाने. वेबची प्रसिद्ध चित्रं घडवणारे जोसेफ डिपास्क्वाले आणि अलिसा पेगन हीच शिस्त पाळतात, आणि मला ती सोडण्याचं कारण दिसत नाही. क्रम मोडला की बघणाऱ्याचा आणि आपला करार मोडतो.

पहिलं जोडचित्र अगदी साधं करा. एफ४३५डब्ल्यू निळ्या वाहिनीत, एफ८१४डब्ल्यू हिरव्या वाहिनीत, एफ७७०डब्ल्यू लाल वाहिनीत. बस. आता बघा काय होतं. धुळीच्या रेघेत निळा कमी, हिरवा कमी, लाल भरपूर, म्हणून ती शुद्ध लाल येते. तरुण गुच्छ निळे येतात. जुन्या ताऱ्यांचा गाभा हिरवट-आकाशी. धुळीतून नुकतेच बाहेर पडत असलेले गुच्छ दोन्हीकडे उजळ, म्हणून गुलाबी-पांढरे. २९ ऑगस्ट २०२२ला युरोपीय अवकाश संस्थेने एम७४चं हबल आणि वेबचं जोडचित्र प्रसिद्ध केलं. त्यातही लाल धूळ, निळे तरुण तारे आणि गाभ्याला आकाशी-हिरवी झाक अशीच रचना आहे. गाभा पिवळा बघायची सवय असलेल्यांना हा हिरवा खटकतो. खटकू द्या. तो पिवळा केला तर लाल वाहिनीत धूळ नसलेल्या जागी लाल घालावा लागेल, आणि मग लाल बघून "इथे धूळ आहे" असं म्हणता येणार नाही.

या साध्या चित्राचा मोठा फायदा असा की काळी रेघ हरवत नाही, ती लाल होते. पुष्कळ लोक हबलचं तयार रंगीत चित्र घेतात आणि वेबचं तयार रंगीत चित्र त्यावर स्क्रीन पद्धतीने चढवतात. स्क्रीनमध्ये उजेड उजेडात मिळतो. हबलच्या काळ्या रेघेत वेबचा नारिंगी उजेड भरतो, शेजारच्या ताऱ्यांवर वेबच्या उरलेल्या ताऱ्यांचा उजेड चढतो, आणि सगळी दीर्घिका फिकट गुलाबी होऊन बसते. तयार रंगीत चित्रं जोडू नका. नेहमी काळ्यापांढऱ्या फिल्टरांपासून सुरुवात करा.

मग पुढची पायरी. जिंपमध्ये प्रत्येक फिल्टर वेगळा थर, प्रत्येकाला एक रंग, आणि थर स्क्रीनमध्ये. इथे स्क्रीन चालतं, कारण प्रत्येक थराचा रंग गडद आणि एकेरी असतो. एफ४३५डब्ल्यूला निळा, एफ५५५डब्ल्यूला आकाशी, एफ८१४डब्ल्यूला हिरवा, एफ७७०डब्ल्यूला नारिंगी, एफ२१००डब्ल्यूला लाल. एफ६५८एनला मी गुलाबी देते, कारण हायड्रोजनचा हा प्रकाश लोकांना त्याच रंगात ओळखीचा आहे. क्रमाच्या नियमाला मी दिलेली ही एकमेव सूट, आणि ती चित्राखाली लिहून ठेवते. कुठेही सगळे थर मिळून पांढरं झालं तर सर्वांत वरचा थर मंद करू नका. सगळ्यांची पातळी सारख्या प्रमाणात उतरवा.

२१ मायक्रॉनचं चित्र मुळात अंधूक असतं. आरसा ६.५ मीटरचा असला तरी एवढ्या लांब लाटेला त्याची मर्यादा ०.६७ विकलांची, म्हणजे एम७४वर शंभरेक प्रकाशवर्षं. ते धारदार करायला जाऊ नका, खोट्या कडा उगवतात. त्याचा फक्त रंग वापरा. थराची पद्धत रंग अशी ठेवा आणि उजेड एफ७७०डब्ल्यू व हबलकडून येऊ द्या. डोळा कडा उजेडातून वाचतो, रंगाचा अंधूकपणा त्याला सहज चालतो. छपाईत आम्ही रोज याच गोष्टीवर निभावतो.

साफसफाई

एकाच फिल्टरमध्ये दिसणारे टोकदार निळे, हिरवे ठिपके बहुतेक वैश्विक किरणांचे. हबलच्या दोन चिपांमधल्या फटीत, जिथे कमी फोटो जोडले गेलेत, ते जास्त सापडतात. खरा तारा शेजारच्या फिल्टरमध्येही कमीजास्त उजळ असतोच. तो तिथेही नसेल, तरच काढा. हबलच्या ताऱ्यांना चार आणि वेबच्या ताऱ्यांना मुख्य सहा व दोन बारीक किरणं दिसतात. ती दुर्बिणीची ओळख आहे, मी त्यांना हात लावत नाही. दीर्घिकेच्या आत ब्रश फिरवून काहीही "छान" करायचं नाही. आपल्याला वाटलेली धूळ तिथे काढायची असती तर दोन अवकाश दुर्बिणींची गरजच नव्हती.

कागदावर

हे बहुतेक मार्गदर्शनांत नसतं, आणि मला मात्र इथे बोलायचं आहे. नागपुरातल्या शाळांत भिंतीवर लावायला ही चित्रं छापून द्यावीत असं मला मनापासून वाटतं. रमण विज्ञान केंद्रात तारांगण बघून आलेल्या पोरांना वर्गातही काहीतरी दिसलं पाहिजे.

पडद्यावरचा तो गडद निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मावत नाही, तो जांभळ्याकडे झुकतो. रूपांतर करण्याआधी निळ्याला किंचित आकाशीकडे न्या आणि पडद्यावर प्रूफ लावून बघा. शुद्ध लाल त्या मानाने टिकतो, पण त्यातले बारकावे चिकटून सपाट होतात, म्हणून लाल वाहिनीचा मधला भाग आधी थोडा मोकळा करा. आकाशाचं काळं नुसत्या काळ्या शाईचं ठेवलं तर राखाडी दिसतं आणि चारही शाया भरल्या तर वाळत नाही. आर्ट पेपरवर चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत राहू द्या. पार्श्वभूमी १२ ते २० वर ठेवायला सांगितली होती. छापताना शाई पसरून मधले रंग गडद होतात, त्यामुळे पोस्टरसाठी ती आणखी थोडी वर घ्या. चकचकीत लॅमिनेशन टाळा, वर्गातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं गाभ्यावर पडतं.

चित्राखाली चार ओळी हव्यातच. कोणता रंग कोणत्या फिल्टरचा, उत्तर दिशा कुठे, १०,००० प्रकाशवर्षं दाखवणारी पट्टी (एम७४ला ती सुमारे ६५ विकलांची येते), आणि श्रेय. डेटा नासा, युरोपीय आणि कॅनडाच्या अवकाश संस्था आणि स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट यांचा. रंगकाम तुमचं, तेही नाव घालून. फिल्टरांची ओळ मराठीत लिहा: "निळा: तरुण तारे, हिरवा: जुने तारे, लाल: धूळ". आठवीतला मुलगा पोस्टरसमोर उभा राहून एवढ्यावरून स्वतः वाचू शकतो.

एम७४ झाली की एनजीसी ७४९६ किंवा एनजीसी १३६५ घ्या. दोघींच्या गाभ्यात सक्रिय कृष्णविवर आहे, त्यामुळे मिरीच्या चित्रात मधोमध फार मोठा झगझगाट आणि लांब किरणं येतात. तिथे उजळ पातळी ठरवताना मधला भाग हिशोबातून वगळा, नाहीतर सगळी उजळ पातळी तो गाभाच ठरवेल आणि बाहू अंधारात राहतील. गाभ्यातले रिकामे पिक्सेल शेजारच्या उजळ आकड्याने भरा आणि भरल्याचं चित्राखाली लिहा. या दोन्ही दीर्घिकांत मधून आडवा दांडा जातो आणि त्यातून धूळ गाभ्याकडे ओढली जाते. जुळवणी तपासायला त्या दांड्यातल्या काळ्या रेघा एम७४मधल्या बुडबुड्यांपेक्षाही सोप्या पडतात.